अंधार हीसुद्धा सार्वजनिक सोय आहे

पंचायत निवडणूक जवळ आली की आमच्याकडे गोव्यात वाड्यावाड्यांवर खांब उभे राहतात. तिठ्यावर हायमास्ट, देवळासमोरच्या मांडावर फोकस, फुटबॉलच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार मनोरे. मग पंचांच्या कामगिरीच्या पत्रकात पहिलीच ओळ येते, की अमुक इतके दिवे बसवले. ग्रामसभेत लोक पाणी मागतात, गटार मागतात, कचऱ्याची गाडी वेळेवर मागतात आणि दिवा मागतात. दिवा वाकवा, झाका, अकरानंतर मंद करा, असं म्हणायला उठलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. उठलाच तर लोक त्याला वेड्यात काढतील. हा लेख त्या वेड्याच्या बाजूने आहे.

अणू आपण डोळ्यांनी पाहत नाही. डीएनए बघायचा तर प्रयोगशाळा लागते. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते कोणीच जाऊन पाहिलेलं नाही. अशा गोष्टींत आपण तज्ज्ञांच्या शब्दावर चालतो, आणि चालावंच लागतं. तारे, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड वसाहती, आणि विश्व यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याबद्दलचा पहिला पुरावा दहावी नापास माणसालाही स्वतःच्या अंगणात उभं राहून, दमडी न मोजता बघता येतो. अट एवढीच की मान वर केल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. ती अट आपण गेल्या काही वर्षांत गावोगाव मोडत आलो, आणि मोडताना कोणाला विचारलंही नाही. किनारा, विहीर, मैदान सर्वांचं, तशी काळोखी रात्रही सर्वांची आहे. तिच्या वापराला नियम हवेत, हे माझं म्हणणं.

गोव्याला या बाबतीत निसर्गाने जरा झुकतं मापच दिलं आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर राहतो, म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून साडेपंधरा अंशच वर असतो. हात सरळ पुढे करून मूठ आवळली की ती मूठ साधारण दहा अंश झाकते. ध्रुव क्षितिजावर दीड मूठ शोधायचा. लंडनहून आलेला पर्यटक त्याला सवयीने खूप वर शोधतो आणि हरवून बसतो. पण उत्तरेचं आकाश जेवढं खाली गेलं तेवढंच दक्षिणेचं आपल्याला वर आलं आहे. मे महिन्याच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास समुद्राकडे तोंड करून उभं राहा. उजव्या हाताला ध्रुव आणि डाव्या हाताला त्रिशंकू, दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत. त्रिशंकू म्हणजे चार ताऱ्यांचा लहानसा क्रूस. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या पोर्तुगीज खलाशांचा ध्रुव विषुववृत्तापाशी समुद्रात बुडायचा, आणि पुढची दक्षिण दिशा ते याच क्रूसावरून ओळखायचे. आणखी दोनेक तास थांबलात तर त्याच्या मागोमाग मित्र हा तेजस्वी तारा दक्षिणेला सर्वांत वर येतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याखालोखाल आपल्याला जवळचा तोच. दिल्लीत तो क्षितिजाला चिकटून जातो, लंडनहून तर जन्मात दिसत नाही. आपल्याकडे तो चांगला तेरा-चौदा अंश वर चढतो.

जवळचा म्हणजे किती? प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. सूर्याकडून आपल्याकडे यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. मित्राकडून यायला चार वर्षं आणि वर चारेक महिने. आज दहावीत असलेलं पोर सहावीत होतं तेव्हा निघालेला प्रकाश आता त्याच्या डोळ्यांत शिरतो आहे. या एका गोष्टीपासून सगळं खगोलशास्त्र सुरू करता येतं: लांब बघणं म्हणजे मागचं बघणं.

ध्रुव आणि त्रिशंकू, गोव्याच्या आकाशाची ही दोन टोकं, दोन्ही क्षितिजाजवळची आहेत आणि दिव्यांची पिवळट-पांढरी धूसर झळ सर्वांत दाट असते तीही क्षितिजाजवळच. म्हणजे गावात उजेड वाढला की डोक्यावरचा व्याध हा सर्वांत तेजस्वी तारा शेवटपर्यंत टिकतो आणि गोव्यालाच खास लाभलेलं आकाश आधी पुसलं जातं. किनारपट्टीच्या पट्ट्यात ते पुसलं गेलंच आहे. दक्षिणेकडे पुढची वस्ती, पुढचं रिसॉर्ट, पुढचा मनोरा असतो आणि त्याच्या झळीत त्रिशंकू उभा असतो, पण कोणाला दिसत नाही.

आता जरा लांबचं बघू. तुळशीचं लग्न आटोपलं, पौर्णिमा सरली, चंद्र उशिरा उगवायला लागला की रात्री आठ-नऊच्या दरम्यान डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन येतो. चारही तारे बऱ्यापैकी ठळक आणि आतली जागा जवळजवळ रिकामी, म्हणून तो चटकन ओळखू येतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून ताऱ्यांची एक रांग बाहेर पडते. त्या रांगेतला दुसरा ठळक तारा गाठायचा. तिथून उत्तरेकडे, शर्मिष्ठा या इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारख्या दिसणाऱ्या तारकासमूहाच्या दिशेने वळायचं. एक मंद तारा लागतो, मग त्याहून मंद दुसरा. त्या दुसऱ्याच्या अगदी शेजारी एक लांबट धुकट डाग आहे. सरळ रोखून बघितलं तर तो नाहीसा होतो, कारण डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात. किंचित बाजूला नजर ठेवली की डाग परत येतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच कोणी मोबाइल उघडला की गाडी पुन्हा पहिल्यापासून.

हा डाग म्हणजे देवयानी दीर्घिका. तिचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं आहे, म्हणजे तिथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला २५ लाख वर्षं लागतात. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी याहून दूरची वस्तू माणसाला ठाऊक नाही. तो प्रकाश निघाला तेव्हा आफ्रिकेत आपले पूर्वज दगड फोडून हत्यारं करायला शिकत होते. आणि गंमत अशी की हा डाग नेमका काय आहे, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांनाही ठरवता येत नव्हतं. १९२० मध्ये वॉशिंग्टनला यावर शॅप्ले आणि कर्टिस या दोन अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वाद झाला. विश्व म्हणजे आपली आकाशगंगाच, आणि असले डाग तिच्यातलेच ढग, असं शॅप्ले म्हणत. ते डाग म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या ताऱ्यांच्या वसाहती, हे कर्टिस यांचं मत.

निकाल लागला तो एका बाईंनी आधीच घालून ठेवलेल्या पायावर. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेविट काचेवरचे फोटो तपासण्याचं काम करत. त्यांना ऐकू येत नसे आणि पगार तुटपुंजा होता. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. हे चक्र जितकं संथ तितका तो तारा मुळात तेजस्वी, हा नियम त्यांनी १९१२ मध्ये पक्का केला. आता ताऱ्याचं खरं तेज कळलं आणि दिसणारं तेज समोर आहे, की अंतर काढणं हा नुसता हिशेब उरतो. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीत नेमका असा एक तारा सापडला, एकतीस दिवसांचं चक्र असलेला. हबल यांचा हिशेब नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आला. आज आपण २५ लाख म्हणतो, पण आकडा चुकला तरी निकाल चुकला नाही. आपली आकाशगंगा जेमतेम एक लाख प्रकाशवर्षं रुंद, तेव्हा देवयानी तिच्या बाहेरचीच ठरली. १९२९ मध्ये याच हबल यांनी दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्या आहेत आणि जितकी लांब तितकी वेगाने, हे दाखवलं. विश्व पसरतं आहे. उलटा हिशेब करत गेलं की सुरुवात आज १३८० कोटी वर्षांमागे येते. देवयानी मात्र उलट आपल्याच दिशेने येते आहे, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. शेजाऱ्यांमध्ये गुरुत्वाकर्षण प्रसरणाला भारी पडतं. हे मुद्दाम लिहिलं, कारण व्याख्यानात सगळंच लांब पळतंय असं ऐकून घरी गेलेला माणूस पुढे कुठेतरी देवयानी जवळ येते हे वाचतो आणि मग दोन्हीवरचा विश्वास उडवून बसतो.

आता पणजीच्या एखाद्या हौसिंग सोसायटीच्या गच्चीवरून हा डाग शोधून दाखवा. चौकोनाचे चार तारे कसेबसे सापडतील. पुढची वाट तिथेच संपते.

लोक म्हणतात, मग दुर्बीण घ्या. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर हौशी खगोलप्रेमींनी वर्षानुवर्षं दुर्बीण लावून येईल त्याला शनीची कडी आणि चंद्रावरची विवरं दाखवली आहेत. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण शहरातल्या गच्चीवर कार्यक्रम चंद्र, गुरू आणि शनीपाशी का थांबतो, याचा विचार करायला हवा. ग्रह आणि चंद्र इतके उजळ असतात की दिव्यांची झळ त्यांचं काही बिघडवत नाही. दीर्घिका आणि तेजोमेघ, म्हणजे आकाशातले वायूचे ढग, पसरट आणि मंद. दुर्बिणीने त्यांना मोठं केलं की त्यांच्यामागचं उजळलेलं आकाशही तेवढंच मोठं होतं, आणि डाग होता तिथेच बुडतो. भिंग वाढवून अंधार विकत घेता येत नाही. म्हणून शाळांना दुर्बिणी वाटण्याच्या योजनेचं मला फारसं कौतुक वाटत नाही. दुर्बीण शाळेच्या कपाटात आणि शाळेच्या आवारात रात्रभर फोकस, हे चित्र मी पाहिलं आहे.

एक साधी मोजणी घ्या. खऱ्या काळोखात धडधाकट डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसतात. शहराच्या मध्यावर ते शे-दोनशेच्याही खाली येतात. २०१६ मध्ये जगभरच्या उपग्रह-नोंदींवरून केलेल्या नकाशात असं निघालं की जगातल्या एकतृतीयांशाहून अधिक माणसांना ते राहतात तिथून आकाशगंगेचा पट्टा दिसतच नाही. २०२३ मध्ये हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्याप्रमाणे २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्के वेगाने उजळत गेलं. या वेगाने, जन्मताना ज्या गावात अडीचशे तारे दिसत होते तिथल्या पोराला अठराव्या वाढदिवशी शंभरच उरतील.

आकाशगंगेच्या बाबतीत तर पाऊसही आपल्या वाईटावर आहे. तिचा मध्य वृश्चिक आणि धनू यांच्या सीमेवर, आपल्यापासून २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. गोव्यातून तो चक्क ४५ अंश वर येतो, युरोपाच्या कितीतरी वर. पण संध्याकाळी तो दिसण्याचे महिने जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा वर काय असतं ते सांगायला नको. उरतात मार्च-एप्रिलच्या पहाटा, मेमधल्या उशिराच्या रात्री आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमधल्या थोड्या संध्याकाळी. वर्षाकाठी मिळणाऱ्या निरभ्र, बिनचंद्राच्या रात्री आधीच मोजक्या. त्यावर फोकस.

रात्र काळोखी असली म्हणजे लोक खगोलशास्त्रज्ञ होतील असं मला म्हणायचं नाही. पण आकाशाबद्दल कोणी काही सांगितलं तर ते पडताळायची सवय तरी राहते. आमच्याकडे वर्तमानपत्र हाती आलं की आधी राशिभविष्य बघणारे चिक्कार आहेत. आपली रास वृश्चिक, हे त्यांना ठाऊक असतं. वृश्चिक कधी पाहिलाय का विचारा. नावाप्रमाणे दिसणाऱ्या थोड्या राशींपैकी ती एक. मेमध्ये रात्री आग्नेयेला नांगी उगारून वर येते आणि तिच्या पोटात ज्येष्ठा हा तांबूस तारा असतो, सूर्याच्या कैकशे पट मोठा. आधुनिक सीमा धरल्या तर सूर्य वृश्चिकाच्या ताऱ्यांमध्ये वर्षातून जेमतेम आठवडाभर असतो आणि पुढे भुजंगधारी या बाराच्या यादीतच नसलेल्या तारकासमूहात शिरतो. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांपुढे मुलांच्या कुंडल्या ठेवल्या आणि कोणतं मूल हुशार, कोणतं मतिमंद एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहिल्या; बरोबर उत्तरं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर थोडी अधिक आली असती. या चाचणीने किती जणांचं मत बदललं कोण जाणे. पण ज्याने वृश्चिक स्वतः पाहिला आहे तो निदान विचारतो, की हा तारा इथे, इतका लांब, तर माझ्या नोकरीशी त्याचा संबंध कसा? वर काहीच दिसत नसलं तर कोणीही काहीही सांगावं.

आणि संबंध शोधायचाच असेल तर खरे संबंध काय कमी आहेत? गोव्याची कित्येक घरं खाणीवर उभी राहिली. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या तांबड्या डोंगरांतलं लोखंड पृथ्वीवर तयार झालेलं नाही. सूर्यासारख्या ताऱ्याला लोखंड घडवताही येत नाही. त्याची भट्टी तेवढी तापत नाही. फार जड तारे शेवटी लोखंडापर्यंत पोचतात आणि तिथे अडतात, कारण लोखंड जुळवून ऊर्जा सुटत नाही. मग गाभा कोसळतो आणि तारा फुटतो. दुसरी वाट श्वेत बटूंची. सूर्यासारखा तारा विझला की मागे पृथ्वीएवढा, पण सूर्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक वजनाचा गोळा उरतो, तो श्वेत बटू. जुलै १९३० मध्ये एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, आणि त्या प्रवासात त्यांनी असं गणित मांडलं की या गोळ्याच्या वजनाला मर्यादा असलीच पाहिजे. ती आज सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेत श्वेत बटू त्या मर्यादेजवळ गेला की त्याचा स्फोट होतो, आणि अशा स्फोटांत लोखंड ढिगांनी बनतं. विश्वातल्या लोखंडाचा मोठा वाटा तिथलाच आहे. म्हणजे मुरगावच्या बंदरातून जहाजं भरभरून जे परदेशी गेलं, ते काय होतं हे समजावणारं गणित सुरू झालं अरबी समुद्रातल्या एका बोटीवर. हे गोव्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक हवं. व्याधाचा जोडीदार असाच एक श्वेत बटू आहे. तो डोळ्यांनी दिसत नाही, पण व्याध दाखवून सांगता येतं. व्याध अजून तरी पणजीतूनही दिसतो.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप बायकांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्याशी मला बोलायचं नाही. रात्रपाळी करून एकटी घरी येणारी मुलगी, उतारावरून स्कूटरने येणारी नर्स यांना रस्ता दिसलाच पाहिजे. प्रश्न आहे तो रस्ता दिसतो का, हा. आमच्या तिठ्यावरचा हायमास्ट बघा. त्याचे निम्मे दिवे आडवे बसवलेले आहेत. माडांचे झाप भर दुपारी असतात तसे उजळलेले, समोरच्या घराच्या वरच्या खोलीत रात्रभर उजेड, आणि खाली झाकण उडालेलं गटार मात्र खांबाच्या सावलीत. वळणावरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो, बाहुली आकसते, आणि झोताबाहेर रस्त्यात बसलेली गुरं त्याला दिसतच नाहीत. उजेड डोळ्यांत घालायचा नसतो, जमिनीवर पाडायचा असतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये अभ्यास झाला. दिवे मंद केले, काही तास बंद ठेवले, तरी गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आपले रस्ते इंग्लंडसारखे नाहीत, म्हणून मी इथे दिवे बंद करा म्हणणार नाही. झाका आणि खाली वळवा म्हणतो. वरून आणि बाजूंनी बंद असलेला कमी वॅटचा दिवा त्याच रस्त्यावर अधिक उपयोगी उजेड पाडतो.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा. चिमणीच्या उजेडात अभ्यास केलेली माणसं आमच्यात अजून आहेत. मुक्तीनंतर गावात वीज आली तो दिवस त्यांना आठवतो. त्यांना अंधाराचं कौतुक सांगायला शहरातून शिकून आलेला कोणी गेला तर त्यांनी त्याला हाकलून द्यावं. दिवा ही त्यांची कमाई आहे. त्यांच्या दारातला दिवा काढा असं कोणी म्हणतही नाही. रात्री दोन वाजता रिकाम्या मैदानावर जळणारे चार मनोरे ही कोणाची कमाई?

तिसरा आक्षेप पर्यटनाचा, की झगमगाट नसेल तर गोवा कसला. यावर मी फार शाई खर्च करत नाही. मांडवीच्या पाण्यावर हेलकावणारे कसिनोंचे रंगीत उजेड बघायला येणारे येतील. पण त्या उजेडाने ताळगाव, बेती, पर्वरीतल्या माणसांच्या डोक्यावरचं आकाशही वापरलं जातं, आणि त्याचं भाडं कोणी भरत नाही.

उजेडानेही नुकसान होतं, ही गोष्ट गोव्याला नवी नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आपल्या रापणकारांनी एलईडी मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला आहे. प्रखर दिव्यांकडे मासळी गोळा होते आणि लहान-मोठी सगळी एका फेरीत उचलली जाते. केंद्राने २०१७ मध्ये ही पद्धत बंद केली, तरी क्षितिजावरचा तो संशयास्पद उजेड किनाऱ्यावरून अधूनमधून दिसतोच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं, कारण लाखो वर्षं उजळ क्षितिज म्हणजे समुद्रच होता. मागे शॅकचा दिवा असला तर ते पाण्याऐवजी टेबलांखाली पोचतं. म्हणून या किनाऱ्यांवर दिव्यांना आवर घालावा लागतो, हे सरकारनेही मान्य केलं आहे. आवाजाचं तर काय सांगावं. २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहानंतर बंद, यासाठी आपली माणसं कोर्टापर्यंत गेली. म्हणजे रात्र सर्वांची असते आणि कोणा एकाने ती व्यापायची नसते, हे तत्त्व मासळीसाठी, कासवांसाठी, झोपेसाठी आपण मान्य केलेलं आहे. उजेडासाठी मात्र असा देशव्यापी कायदा नाही.

असं काही जमतं का? फ्रान्समध्ये २०१३ पासून दुकानांच्या काचांतले दिवे रात्री एकनंतर बंद करावे लागतात. लडाखमध्ये हानले इथे वेधशाळेभोवतीचा प्रदेश २०२२ मध्ये काळोख्या आकाशासाठी राखून ठेवला. तिथली कुटुंबं खिडक्यांना जाड पडदे लावतात आणि बाहेरच्या दिव्यांवर झाकणं घालतात. आपल्या शेजारी महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत तशी मान्यता मिळाली, देशातलं असं पहिलं उद्यान. नेत्रावळी किंवा खोतीगावला हे सहज करता येईल, आणि मला खात्री आहे की कोणीतरी ते करेलही, लगेच तिकीट लावून, तंबू उभारून आणि परत जाताना फुकट टी-शर्ट देऊन. करावं. पण तेवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. आकाश बघायला अभयारण्यात जायचं आणि बाकी वर्षभर मान खाली, यात काही अर्थ नाही. पेडण्यातल्या, बार्देशातल्या पोराला ते दारातून दिसलं पाहिजे. मोपाच्या पठारावर विमानं उतरतात, तिथे दिवे लागणारच. पठाराभोवतीच्या नव्या हॉटेलांनी मात्र आकाशाकडे तोंड केलेले झोत लावायचं काही कारण नाही.

मागण्या फार नाहीत. नवा दिवा बसवताना तो वरून झाकलेला हवा, म्हणजे आडव्या रेषेच्या वर एक किरण जाता कामा नये. आडवा जाणारा उजेडच हवेतून सर्वांत लांब पसरतो आणि दहा गावांपलीकडचं आकाश उजळवतो. रंग उबदार हवा, तीन हजार केल्विन किंवा त्याखाली; केल्विन हे दिव्याच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो आणि हवा निळा प्रकाशच जास्त विखुरते, दिवसा आकाश निळं दिसतं ते त्याचमुळे. मैदानं आणि देवळांचे फोकस कार्यक्रम संपला की बंद. जत्रेच्या रात्री, काल्याच्या रात्री, दशावतारी नाटकाला खुशाल पहाटेपर्यंत जळू देत, त्याला ना नाही. आणि निविदेत दिव्यांच्या संख्येबरोबर त्यांचा कोनही लिहायचा.

यातलं काहीही महाग नाही, उलट विजेचं बिल उतरतं. अडचण अशी की झाकलेल्या दिव्याचं उद्घाटन करता येत नाही. तरी आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. हायमास्टचे दिवे वळवायला शिडीची गाडी लागते, ती वीज खात्याकडे असते. दिवा गेला की ती गाडी येतेच, आणि आमच्या तिठ्यावरचा एक दिवा गेल्या पावसापासून बंद आहे. तो बदलायला माणूस वर चढेल, तेव्हा बाकीचेही त्याच फेरीत खाली वळवून घ्यावेत.